आरसा निघेपर्यंत

गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध लहानपणीच तुटला होता आणि तोही त्यांनी स्वतःहून तोडला होता. पण कात्री हातात आली की ‘मान खाली’, ‘हलू नका’, ‘गाल फुगवा’ अशी हुकूमत चालायची, की भलेभले मुकाट ऐकायचे. दुकान लहानसं. दोन खुर्च्या, त्यातली एक कायमची बिघडलेली, म्हणून तिच्यावर टॉवेलांची चळत. आणि समोरच्या भिंतीवर लाकडी चौकटीचा हा एवढा मोठा आरसा.

ह्या आरशाच्या बाबतीत मास्तर फार हळवे. सकाळी शटर वर गेलं की केर काढायचा, पाणी भरायचं आणि मग पायरीवर ऊन यायची वाट बघायची. गावाच्या पूर्वेला टेकडी होती. तिच्यावरून ऊन उतरत उतरत दुकानाच्या पायरीवर आलं की आरसा खिळ्यावरून काढायचा, छातीशी धरून बाहेर आणायचा, खांबाला टेकवायचा आणि ओल्या वर्तमानपत्राने पुसायचा. आत दिव्याखाली आरसा पुसणं म्हणजे स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकणं, असं त्यांचं ठाम मत. उन्हात कसा प्रत्येक डाग दिसतो. आरसा परत भिंतीवर गेल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला हात लावत नसत, मग तो कितीही घाईत असो. कुणी कुरकुर केलीच तर म्हणत, ‘‘दाढी कुठे पळून चाललीय का तुमची?’’

त्यांच्या बायकोला टेकडीचं वेड लागलं ते लेक लग्न होऊन दूर देशी गेल्यावर. मुलींच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. सगळं गाव त्यांना कवायतबाई म्हणायचं. दर रविवारी उजाडायच्या आत त्या आठ-दहा बायका गोळा करायच्या, टेकडी चढायच्या आणि माथ्यावर चटया पसरून आसनं करायच्या. मास्तरांची बायको एकदा सहज म्हणून गेली आणि तिथलीच झाली. आठवडाभर ती घरात कामाला जुंपलेली असायची. रविवारी मात्र चटई गुंडाळताना गुणगुणायची.

‘‘अहो, तुम्ही पण या ना एकदा,’’ ती म्हणायची.

‘‘वर जाऊन करता काय?’’

‘‘आसनं. आणि शेवटी शवासन.’’

‘‘ते काय असतं?’’

‘‘काही नाही, शांत पडून राहायचं.’’

‘‘म्हणजे धापा टाकत डोंगर चढायचा आणि वर जाऊन आडवं व्हायचं? आडवं व्हायला घरात पलंग आहे. जिन्याने वर चढवताना माझी पाठ गेली होती, तिला विचार.’’

हा विनोद मास्तरांना इतका आवडला, की पुढची कित्येक वर्षं दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तो ऐकवला. गिऱ्हाईक बिचारं काय करणार, गळ्याशी वस्तरा असताना हसायलाच लागतं. बायको आधी हसायची, मग नुसती मान हलवायची, मग तिने ‘या’ म्हणणं सोडून दिलं. ती म्हणायची थांबली, हे काही मास्तरांच्या लक्षात आलं नाही. रविवार म्हणजे धंद्याचा दिवस, दुकानात मान वर करायला फुरसत नाही, लक्षात येणार कधी?

बरं, टेकडीवरच्या बायका त्यांना बाजारात भेटल्या की आपसात हसायच्या. ‘‘काय आरसेवाले, बरं आहे ना?’’ बेकरीवाली तर तोंडावर म्हणायची. मास्तरांना वाटायचं, आपण येता-जाता आरशात केस सारखे करतो, त्यावरून ही खोचक बोलते. ते मान ताठ करून पुढे जायचे. केस राहिले होते थोडेच, पण होते ते सारखे असायला नकोत का माणसाने?

एका रविवारी मात्र वेगळंच झालं होतं. शटर उघडताना मास्तरांच्या पाठीत उसण भरली आणि ते आतल्या बाकावर पालथे पडून राहिले. आरसा नाही, केर नाही, काही नाही. थोड्या वेळाने बघतात तर दारात बायको. तोंड लालबुंद, ऊर धपापतोय. तिने माठातलं पाणी घेतलं, घटाघटा प्यायली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

‘‘आज लवकर पिटाळलं वाटतं बाईंनी?’’ मास्तर म्हणाले.

‘‘ऊन लागलं,’’ ती म्हणाली. मग तिने त्यांची पाठ शेकली, दुकान बंद केलं, त्यांना घरी नेलं. पुढचे दोन-तीन दिवस ती लंगडत होती. त्यावरही मास्तरांनी तिची खेचली, ‘‘घ्या, डोंगर चढायची हौस!’’ ती म्हणाली, ‘‘हो ना.’’ एवढंच.

आता मास्तर दुष्ट होते का? मुळीच नाही. बायकोवर जीव होता. पण तो बोलून दाखवायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. गरज पडली नव्हती म्हणा. पाणी हवं म्हणायच्या आधी पेला पुढे यायचा, भूक लागली म्हणायच्या आत ताट. मागायची सवयच न लागलेला माणूस तो. अशा माणसाचे हाल कधी होतात, तर देणारं माणूस लांब गेल्यावर.

आणि तसंच झालं. लेकीचं बाळंतपण आलं, बायको तिकडे गेली. चार-पाच महिन्यांसाठी म्हणून गेली. जाताना मास्तरांनी तिला गॅसच्या शेगडीचं बटण कसं बसवायचं ते विचारलं, दुधाचं भांडं कुठलं ते विचारलं. ‘मला करमायचं नाही’ हे तेवढं राहिलं.

करमेना तर करमेना. घर खायला उठलं. सकाळी दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचा. ओट्यावर तिचा चष्मा पुसायचा फडका तसाच होता, तो हलवायला हात होईना. पलंगाच्या आपल्याच कडेला मास्तर अंग चोरून झोपायचे. उरलेली जागा मोकळी होती, तरी तिकडे सरकायचे नाहीत. दाराआड तिची चटई उभी असायची. दार जोरात ढकललं की ती पडायची, आणि पडल्याचा आवाज झाला की मास्तर आतून म्हणायचे, ‘‘आलीस?’’ मग स्वतःचीच लाज वाटून घशातल्या घशात खाकरायचे. तिची आठवण येत होती, दुसरं काही नाही. हातात कात्री असताना यायची, नळाखाली तोंड धुताना यायची, कुणी नुसतं ‘घरचे कसे आहेत’ विचारलं तरी यायची.

दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. नातीचे फोटो, तिकडची थंडी, जावयाचं ऑफिस असं बोलणं व्हायचं. अशाच एका रविवारी तिने विषय काढला.

‘‘लेक म्हणतेय, राहा आणखी. बाळ शाळेत जाईपर्यंत.’’

‘‘शाळेत? अजून दात नाहीत तिला.’’

‘‘तेच तर. दोन-तीन वर्षं होतील. राहायचं तर परतीचं तिकीट आठवड्याभरात रद्द करायला लागेल. मी म्हटलं, तुम्हाला विचारते. तुमचं काय म्हणणं?’’

मास्तरांच्या तोंडात शब्द तयार होता. पण त्यांना वाटलं, लेकीला गरज आहे, नातीचं तोंड बघून ही रमली असेल, आपण बाप्या माणूस, आपल्याला काय झालंय? आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. मागितलं आणि ती ‘नाही’ म्हणाली तर?

‘‘माझं काय म्हणणं असणार? तुला बरं वाटेल ते कर,’’ ते म्हणाले.

मग ती म्हणाली, ‘‘बरं. पुढच्या रविवारी नीट विचार करून सांगा. आणि एक करा, माझी चटई तेवढी टेकडीवर नेऊन आणा. दाराआड जीव गुदमरला असेल तिचा.’’

तो आठवडा मास्तरांनी कसा काढला, ते त्यांच्या गिऱ्हाइकांना विचारा. एकाचे कल्ले वरखाली झाले, दुसऱ्याची अर्धी दाढी करून हे दारात जाऊन टेकडीकडे बघत उभे राहिले. शनिवारी संध्याकाळी त्यांनी शटरवर कागद चिकटवला, ‘उद्या दुकान उशिरा उघडेल’. शेजारचा औषधवाला कागद वाचून चौकशीला आला, कोणी गेलं का म्हणून.

‘‘मीच जातोय,’’ मास्तर म्हणाले. ‘‘टेकडीवर.’’

रविवारी उजाडायच्या आत ते चटई काखेत मारून पायथ्याला हजर. बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. मग कवायतबाई पुढे आल्या. सत्तरीच्या बाई, पण कणा असा की ओळंबा लावून बघावा.

‘‘या. फोन आणलाय?’’

‘‘आणलाय की.’’

‘‘इथे चौकीदाराकडे ठेवा. घड्याळही. वर काही न्यायचं नाही, नियम आहे.’’

मास्तरांनी निमूटपणे फोन दिला, घड्याळ काढून दिलं. असा हुकूम त्यांना पहिल्यांदाच कुणी सोडला होता.

पाण्याच्या टाकीपर्यंत रस्ता सोपा होता. पुढे जुन्या खाणीपाशी मुरमाड चढण लागली आणि मास्तरांचा भाता सुरू झाला. उभं राहून राहून पायाच्या शिरा फुगलेल्या, गुडघे कुरकुरणारे. बायका गप्पा मारत पुढे चाललेल्या. बेकरीवाली मागे वळून म्हणाली, ‘‘सावकाश या. वर पलंग नाहीये, पण आडवं व्हायला मिळेल.’’ सगळ्या खिदळल्या. म्हणजे तो विनोद इथवर चढून आला होता तर. मास्तरांनी मान खाली घातली. बायकोने तो इथे सांगितला असणार, आणि सांगताना ती हसली असेल की नाही, हा विचार त्यांना चढणीपेक्षा जड गेला.

माथा सपाट होता, खडकाळ, भोवती वाळकं गवत. पूर्व उजळत होती. सगळ्यांनी चटया पसरल्या. मास्तरांना कुठे पसरावी कळेना, तर औषधवाल्याच्या बायकोने पश्चिमेच्या कडेला बोट केलं, ‘‘तिची जागा ती.’’ तिथला खडक जरा गुळगुळीत होता, आजूबाजूचे खडे कुणीतरी वेचून बाजूला रचलेले. मास्तरांनी चटई तिथे उलगडली. चटईला अजून बायकोच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. ते वाकून नाहक कोपरे सारखे करत बसले.

आसनं कशी झाली ते विचारू नका. एका पायावर उभं राहायच्या वेळी ते तीनदा शेजारणीवर झुकले. पण हात वर ताणून धरायचे म्हटल्यावर हा माणूस पक्का. आयुष्यभर कोपर उचलूनच तर काम केलेलं. ‘‘शाबास,’’ कवायतबाई म्हणाल्या, आणि मास्तरांना भलतंच बरं वाटलं.

मग शवासन आलं. सगळ्या आडव्या झाल्या. मास्तरही टेकू लागले, तर बाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही नाही. त्या जागेवरच्या माणसाने राखण करायची. गावाकडे तोंड करून बसा. खाली चमक दिसली की आम्हाला उठवायचं.’’

‘‘कसली चमक?’’

‘‘दिसेल बरोबर. तुमच्या बायकोला कधी विचारायला लागलं नाही. ती गेल्यापासून आम्ही आळीपाळीने बसतो, आज तुम्ही बसा. आता बोलणं बंद.’’ आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मास्तर बसले. समोर खाली गाव. इतक्या वर्षांत त्यांनी ते असं वरून कधी पाहिलंच नव्हतं. आधी पाण्याची टाकी सापडली, मग बेकरीचं धुराडं, त्याच्या डावीकडे आपली गल्ली. आणि गल्लीच्या तोंडाशी निळ्या पत्र्याचं छप्पर, ते आपलंच दुकान. ते पुढे वाकून बघू लागले. चमक कुठून येणार? देवळाचा कळस म्हणावा तर तो टेकडीच्या मागच्या अंगाला होता. कुणाच्या खिडकीची काच? कुणाची मोटार? नेमून दिलेलं काम, चुकायला नको, म्हणून ते डोळ्यांत तेल घालून बसले.

ऊन त्यांच्या पाठीवरून खाली उतरलं. आधी झाडांचे शेंडे उजळले, मग टाकी, मग घरांची छपरं. मागे कुणीतरी हळू घोरत होतं. चमक काही येईना. मास्तरांचा जीव टांगणीला लागला. येईल, आता येईल, असं करत ते निळ्या छपराच्या आसपास बघत राहिले. ऊन गल्लीत शिरलं. दुकानाच्या पायरीवर आलं. आणि नेहमीच्या सवयीने मास्तरांच्या मनात आलं, चला, आरसा काढायला हवा.

मग ते एकदम गार पडले.

म्हणजे ही चमक. दर रविवारी ती इथे बसायची ते ह्यासाठी. खाली ते आरसा काढणार, पुसणार, पुसताना हलवणार, आणि ती इथे वाट बघणार. आणि खाली ते गिऱ्हाइकाला पलंगाचा विनोद सांगणार.

‘‘काय हो, आज चमक नाही?’’ कवायतबाईंनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

‘‘नाही,’’ मास्तर कसेबसे म्हणाले.

‘‘आरसेवाल्यांना उशीर झाला वाटतं,’’ बेकरीवाली पडल्या पडल्या पुटपुटली. मग एकेक करत सगळ्या उठून बसल्या आणि त्यांच्याकडे बघायला लागल्या. औषधवाल्याची बायको म्हणाली, ‘‘अगं बाई, आरसेवाले तर इथे बसलेत,’’ आणि हास्याचा असा लोट उसळला की कवायतबाईंनासुद्धा तोंडावर हात धरावा लागला. दुपारपर्यंत पडून राहिलो असतो, कुणीतरी म्हणालं.

मास्तर हसले नाहीत. ‘‘ती दर रविवारी बसायची इथे?’’

‘‘तीच,’’ बाई म्हणाल्या. ‘‘एकदा तरी आडवी हो म्हटलं, दुसरी कुणी बसेल. तर म्हणायची, मला ह्यातच आराम आहे. चमक दिसली की म्हणायची, निघाला बाई आरसा, उठा.’’

‘‘आणि तो एक दिवस सांगा ना,’’ बेकरीवाली म्हणाली. आता तिच्या आवाजात खोच नव्हती. ‘‘चमक आलीच नाही एकदा. आम्ही आपल्या पडलेल्या. डोळे उघडून बघतो तर ही उतारावर पळतेय. चटई इथेच, बूट इथेच. खाणीतल्या त्या मुरमातून अनवाणी. हाका मारल्या तर वळूनसुद्धा बघितलं नाही.’’

मास्तरांना माठासमोर उभी असलेली बायको दिसली. लालबुंद तोंड. ‘ऊन लागलं.’ मग ते लंगडणं, आणि त्यावरचा आपला शेरा. त्यांनी चटई गुंडाळायला घेतली, पण ती तिरकीच गुंडाळली जाई. शेवटी कवायतबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि नीट करून दिली.

दुकान त्या दिवशी उघडलं तेव्हा ऊन पायरीवरून निघून गेलं होतं. मास्तरांनी तरी आरसा बाहेर काढला आणि सावलीतच पुसला. दिवसभर गिऱ्हाइकं केली. पलंगाचा विनोद कुणालाच सांगितला नाही.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून होते, समोर आरसा.

‘‘नेली का चटई?’’ तिने विचारलं.

‘‘नेली. तुझ्या जागेवर बसलो होतो.’’

पलीकडे बाळाचा आवाज येत होता, तो लांब गेला. बहुतेक तिने बाळ लेकीकडे दिलं.

‘‘चमक आलीच नाही,’’ मास्तर म्हणाले.

‘‘कशी येणार?’’ ती हसली, पण हसू अर्ध्यातच थांबलं. ‘‘सांगितलं वाटतं त्या बायांनी सगळं.’’

‘‘तू का नाही सांगितलंस?’’

‘‘काय सांगायचं? आरसा काढत होतात, दिसत होता. माणूस ठीक आहे एवढं कळायचं. मग दिवस बरा जायचा.’’ मग ती म्हणाली, ‘‘इकडे खिडकीतून काहीच दिसत नाही हो.’’

मास्तरांनी समोर आरशात पाहिलं. एक म्हातारा माणूस फोन कानाशी घट्ट धरून बसला होता.

‘‘मग काय ठरवलंत?’’ ती म्हणाली. ‘‘तिकीट रद्द करू?’’

‘‘नको,’’ मास्तर म्हणाले. ‘‘नको करू. तू ये. मला तुझ्याशिवाय राहवत नाही.’’

तिने नाक ओढलेलं त्यांना ऐकू आलं.

‘‘तिकीट अजून दोन महिन्यांनंतरचं आहे,’’ ती म्हणाली.

‘‘असू दे. मी वाट बघीन. दर रविवारी वर जाईन, तुझ्या जागेवर बसेन.’’

‘‘अहो, तुम्ही वर बसलात तर आरसा कोण काढणार?’’ ती म्हणाली. ‘‘त्या बिचाऱ्या उठायच्या कशा?’’

हे काही मास्तरांच्या डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा पुढच्या रविवारी ते टेकडीवर गेले नाहीत. ऊन पायरीवर यायच्या कितीतरी आधीच त्यांनी आरसा बाहेर आणून ठेवला. वर ती नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ऊन आल्यावर त्यांनी आरसा दोन्ही हातांनी उचलला, टेकडीच्या पश्चिमेच्या कडेकडे तोंड करून धरला, आणि आत दोन गिऱ्हाइकं ताटकळत असताना बराच वेळ तसाच हलवत राहिले.